उणे वीस अंशांतलं सुतारकाम

मंडळी, शीर्षक वाचून "मेकॅनिकलची ही मुलगी आता सुतारकाम शिकवणार की काय?" असं वाटलं असेल, तर घाबरू नका. फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये मी केलेला लॅप जॉइंट मामांनी हातात घेतला आणि त्याचे दोन तुकडे झाले, हे माझ्या बॅचला चांगलंच आठवत असेल. तेव्हा सुतारकाम शिकवण्याची माझी पात्रता नाही. मी लिहिणार आहे ते सुतारकामाची खोली गरम ठेवण्याबद्दल. आता आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडतो? आपले सुतार अंगणात, गच्चीवर, कुठंही बसून रंधा मारतात. पण जिथे हिवाळ्यात पारा उणे वीसपर्यंत उतरतो तिथे हा प्रश्न अगदी खरा असतो, आणि त्यात झालेली एक चूक आम्हाला केवढ्याला पडली असती हे आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

(माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर माझ्या, आणि दिसल्या नाहीत तर संपादक मंडळाची कृपा!)

पाळणा आणि पांढरी भुकटी

गेल्या डिसेंबरात पाचव्या सेमिस्टरची परीक्षा संपली आणि मी महिनाभर आत्याकडे गेले. आत्या आणि काका (म्हणजे तिचे यजमान) अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसजवळ राहतात. काकांना निवृत्तीनंतर सुतारकामाचा नाद लागला. तिकडे बऱ्याच घरांना दोन गाड्या मावतील असं गॅरेज चिकटलेलं असतं. काकांनी दोन्ही गाड्या बाहेर बर्फात उभ्या करून आत कारखानाच थाटलाय. बिडाच्या टेबलाची मोठी करवत, रंधा मशीन, भुसा ओढून घेणारं यंत्र, भिंतीवर पटाश्या आणि क्लॅम्पच्या रांगा. आत्या म्हणते, "गाड्यांना थंडी वाजली तरी चालेल, यांच्या लाकडांना वाजता कामा नये!"

त्या वेळी काका पाळणा करत होते. माझ्या आत्येबहिणीला जानेवारीच्या शेवटी बाळ होणार होतं, आणि बारशाला बाळ आजोबांनी केलेल्या मेपलच्या पाळण्यातच घालायचं असं ठरलं होतं. मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी पाळण्याच्या बाजूचा क्लॅम्प सोडला आणि सांधा चक्क हातात आला. आत ग्लूच्या जागी पांढरी, खडूसारखी भुकटी. काकांचा चेहरा पडला. "अगं, यात बाळ ठेवलं असतं तर?" एवढंच म्हणाले.

हे का झालं? लाकूड चिकटवायचा नेहमीचा पांढरा किंवा पिवळा ग्लू म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी लाकडात शोषलं जातं, उडून जातं, कण जवळ येतात आणि एकमेकांत मिसळून त्यांचा सलग पापुद्रा बनतो. पण त्यासाठी कण थोडे मऊ असावे लागतात. बेसनाच्या लाडवांचं मिश्रण कोमट असेपर्यंत लाडू वळतो, गार झालं की नुसता भुगा हातात येतो, तसंच हे! साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली (ग्लूप्रमाणे हा आकडा थोडा बदलतो) कण कडकच राहतात. पाणी जातं पण पापुद्रा बनत नाही. वरून सांधा ठीक दिसतो, आत ताकद नसते. आणि नुसती हवा १० अंशांच्या वर असून भागत नाही. लाकूड, ग्लू आणि सांधा वाळेपर्यंतचे पुढचे काही तास, सगळंच त्याच्या वर हवं.

तेव्हा गॅरेज गरम करणं ही चैन नव्हती, बाळाच्या पाळण्याच्या मजबुतीचा प्रश्न होता.

पहिला हीटर

काकांनी दुकानातून प्रोपेनच्या सिलिंडरवर बसवायचा हीटर आणला. बांधकामाच्या जागी, उघड्यावर कामगार शेकायला वापरतात तसला. पेटवला की समोरची जाळी लालबुंद होते. क्षमता साधारण ९ किलोवॉट. म्हणजे आपल्या हॉस्टेलचे दोन किलोवॉटचे चार गीझर एकदम लावले तरी त्याहून जास्तच!

गंमत म्हणजे त्याच्यासमोर उभं राहिलं की चेहरा भाजायचा आणि पाठ गारठलेली. कारण असा हीटर बरीचशी उष्णता प्रारणाने, म्हणजे रेडिएशनने देतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात उभं राहिल्यावर हवा गार असूनही ऊब लागते, तसं. माणसाला बरं वाटतं, पण कोपऱ्यातल्या ग्लूच्या बाटलीला त्याचा पत्ताच नसतो. दोन तास हीटर लावूनसुद्धा थर्मामीटर पाच-सहा अंशांवर अडलेला.

इथे माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. नुकताच हीट ट्रान्सफरचा पेपर दिला होता, अंगात वारं भरलेलं. मी म्हटलं, "काका, हीटर किती मोठा हे नंतर बघू. आधी उष्णता जाते कुठे ते बघूया."

उष्णतेचा हिशोब

हा हिशोब खरंच सोपा आहे. फुटक्या बादलीत पाणी भरण्यासारखा. नळ मोठा करत बसायचं की भोकं बुजवायची?

एखाद्या भिंतीतून दर सेकंदाला जाणारी उष्णता म्हणजे भिंतीचं क्षेत्रफळ गुणिले तिची यू व्हॅल्यू गुणिले आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक. यू व्हॅल्यू म्हणजे एक चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, किती वॉट निसटतात तो आकडा. जितका लहान तितकं चांगलं.

काकांचं गॅरेज ६ मीटर बाय ६ मीटर, उंची अडीच मीटर. एक भिंत घराला लागून, तिचं नुकसान धरलं नाही. फरशीही सोपेपणासाठी सोडून दिली, म्हणजे खरा आकडा थोडा जास्तच येईल. यू व्हॅल्यू पुस्तकातल्या अंदाजाने घेतल्या. तापमानातल्या प्रत्येक अंशामागे निसटणारे वॉट असे आले :

बाहेरच्या तीन भिंती, ३३ चौ. मी., आत काहीच भरलेलं नाही : ६६
छत, ३६ चौ. मी., नुसता पातळ बोर्ड : ९०
गाडीचं मोठं दार, १० चौ. मी., पत्र्याचं : ६०
खिडकी, २ चौ. मी. : ६
फटींतून येणारी-जाणारी हवा : ६०

शेवटची ओळ कशी आली? गॅरेजमध्ये ९० घनमीटर हवा आहे. फटींमुळे ती तासाला दोनदा बदलते असं धरलं, म्हणजे १८० घनमीटर. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला साधारण ०.३३ वॉट-तास लागतात. गुणाकार केला की ६०.

एकूण २८२. आत १५ अंश हवेत आणि बाहेर उणे २०, म्हणजे फरक ३५ अंशांचा. २८२ गुणिले ३५, म्हणजे जवळजवळ ९,९०० वॉट. थोडक्यात दहा किलोवॉट! आणि हे नुसतं टिकवून ठेवायला. गारठलेली फरशी आणि बिडाची यंत्रं तापवायला लागतं ते वेगळंच. नुसत्या २०० किलोच्या करवतीला उणे १० पासून १५ अंशांवर आणायला सुमारे ०.६४ युनिट लागतं. मग नऊ किलोवॉटचा हीटर धापा टाकणार नाही तर काय!

काका खूश झाले. "वा, शिकलेली दिसतेस!" म्हणाले. आणि मी, शिकलेली, म्हणाले, "सगळ्यात स्वस्त उपाय फटी बुजवणं. तेवढं आजच करून टाकू."

माझी चूक

त्या दुपारी आम्ही मोठ्या दाराखाली रबराची पट्टी लावली, कडांना टेप मारली, छताजवळच्या फटींत फोमचा फवारा भरला. काम इतकं छान झालं की दाराशी हात धरला तरी वारा लागेना. मग हीटर पेटवला आणि पाळण्याचे सांधे नव्याने जुळवायला बसलो. थर्मामीटर चढायला लागला. दहा… बारा… चौदा! मी तर हवेतच होते.

दोन-अडीच तासांनी माझं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, जेटलॅग. काकांना मळमळायला लागलं. ते म्हणाले, दुपारचे वडे बाधले. मला क्लॅम्पचा स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते पटकन कळेना, त्याचं दोघांनाही हसू आलं. मधे एकदा आत्या चहा घेऊन आली, दार उघडून गेली.

थोड्या वेळाने घरात बीप बीप बीप बीप सुरू झालं. चार वेळा, मग थांबून पुन्हा चार वेळा. आत्याला वाटलं पोळी करपली, धुराचा अलार्म असेल. पण तो होता माझ्या खोलीबाहेरच्या बोळातला दुसरा अलार्म, कार्बन मोनॉक्साइडचा. मिनेसोटात झोपायच्या खोलीपासून दहा फुटांच्या आत असा अलार्म असणं कायद्याने सक्तीचं आहे. काकांनी तो कायदा आहे म्हणून लावला होता, आणि विसरून गेले होते. त्याच्या पडद्यावर आकडा होता ११२, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ११२ भाग. तोही घराच्या आत. गॅरेजमध्ये किती असेल?

आत्याने आम्हाला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. स्वेटरवर, उणे सोळा अंशांत, बर्फात! तिने ९११ ला फोन केला आणि काही मिनिटांत अग्निशमन दलाची गाडी आली. त्यांनी हीटर बंद केला, दारं उघडली, मीटरने मोजलं, आम्हा दोघांना ऑक्सिजनचे मास्क लावले. एकाने मला शांतपणे विचारलं, "हे बांधकामाच्या जागेचं उपकरण आहे. बंद जागेत का लावलं?" हीटरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत सूचना होती. आम्ही दोघांनीही ती वाचली नव्हती.

नेमकं काय झालं?

कम्बशनचा हा भाग मी परीक्षेत पाठ लिहिला होता. प्रोपेनचा एक रेणू ऑक्सिजनच्या पाच रेणूंबरोबर जळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन व पाण्याचे चार रेणू तयार होतात. हे झालं पूर्ण ज्वलन. ऑक्सिजन कमी पडला किंवा बर्नरमध्ये भुसा अडकून हवा नीट मिसळली नाही, तर ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड बनतो.

आता आमचा हिशोब बघा. ९ किलोवॉटचा हीटर तासाला सुमारे ६५० ग्रॅम प्रोपेन जाळतो. त्याला साधारण २.४ किलो ऑक्सिजन लागतो. ९० घनमीटर हवेत ऑक्सिजन असतो सुमारे २५ किलो. म्हणजे बाहेरची हवा आत आलीच नाही, तर तासाला जवळजवळ दहावा हिस्सा संपतो! फटी होत्या तोवर त्या गॅरेजला गारठवत होत्या, पण आम्हाला जिवंतही ठेवत होत्या. त्या मी बुजवल्या. माझ्या हिशोबात फटींतून जाणारी उष्णता होती, पण त्याच फटींतून येणारा ऑक्सिजन आणि बाहेर जाणारा विषारी वायू या दोन गोष्टी नव्हत्या.

हा वायू इतका वाईट का? त्याला रंग नाही, वास नाही. त्याचं वजन हवेच्या जवळपास असल्यामुळे तो खाली साचत नाही की वर जात नाही, सगळीकडे मिसळतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त ताकदीने चिकटतो. साध्या हवेत श्वास घेतला तर त्याचं रक्तातलं प्रमाण अर्धं व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास. म्हणून ते मास्क. आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. २०२१ साली कोरोनाच्या काळात घरोघरी घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला ऑक्सिजन चिकटलेलं आणि हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही, त्यामुळे आकडा ९८ दिसू शकतो आणि माणूस गुदमरत असतो!

सगळ्यात भयंकर म्हणजे विचार करायची शक्तीच आधी जाते. स्क्रू कुठे फिरवायचा ते कळेना तेव्हा मी हसत होते, हे आठवलं की झोप उडते.

अशा हीटरचा आणखी एक तोटा पाण्याचा. ६५० ग्रॅम प्रोपेन जळून एक लिटरहून थोडी जास्त वाफ तयार होते. तीन तासांत तीन लिटर पाणी गॅरेजच्या हवेत! ते गार बिडावर दवासारखं बसतं. दुसऱ्या दिवशी काकांच्या करवतीच्या टेबलावर तांबूस गंजाचा थर होता.

मग नीट केलं ते असं

दोन दिवस आत्याने गॅरेजला कुलूप घातलं होतं. (बरोबरच होतं!) मग काका म्हणाले, "चल, पुन्हा हिशोब करू. पण या वेळी हवेचाही."

पहिलं, गोधडी. हिवाळ्यात आपण शेकोटी मोठी करत नाही, गोधडी जाड घेतो. भिंतीच्या लाकडी खांबांमधल्या पोकळीत काचतंतूंच्या गाद्या भरल्या. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, नाहीतर रात्रभर खाजवत बसावं लागतं. त्यावर आतल्या, म्हणजे गरम बाजूने प्लॅस्टिकचा कागद, जेणेकरून आतली वाफ भिंतीत शिरून तिथे पाणी होणार नाही. त्यावर बोर्ड. छतावर जाड थर, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. मोठ्या दाराला मुद्दाम दारांसाठीच मिळणारे इन्सुलेशनचे तयार तक्ते. या सगळ्यात आमचे दहा दिवस गेले.

नवीन आकडे असे : भिंती १५, छत ५, दार १०, खिडकी ६ आणि हवा १५ (आता तासाला अर्ध्यांदाच बदलते असं धरून). एकूण ५१. गुणिले ३५ केलं की सुमारे १,८०० वॉट.

दहा किलोवॉटवरून दोनच्याही खाली! आपल्या हॉस्टेलच्या एका गीझरएवढी उष्णता, आणि बाहेर उणे वीस असताना आत १५ अंश. हीटर तोच ठेवून नुसतं बिल भरत राहिलो असतो तर हे कधीच कळलं नसतं.

दुसरं, उष्णता कशाची. तिकडे लोक काय काय वापरतात हे काकांनी समजावून सांगितलं.

लाकडाची शेगडी : तुकडे फुकट असतात, ऊब छान, धूर चिमणीतून बाहेर. पण उघडी आग आणि बारीक भुसा एकाच खोलीत, शिवाय पाळणा वाळेपर्यंत रात्रभर लाकडं कोण घालणार?

चिमणीवाला गॅस हीटर : धूर बाहेर जातो, पण जळायला हवा खोलीतलीच घेतो. यात एक खोच आहे. भुसा ओढणारं यंत्र हवा बाहेर फेकत असेल तर ते तासाला हजारेक घनमीटर हवा सहज ओढतं. म्हणजे काकांच्या गॅरेजची सगळी हवा पाच-सहा मिनिटांत खलास! आत दाब कमी होतो आणि चिमणीतला धूर उलटा खोलीत येऊ शकतो. शिवाय तेवढी बाहेरची हवा तापवायला साडेअकरा किलोवॉट लागतील ते निराळंच. म्हणून हिवाळ्यात ती हवा चांगल्या फिल्टरमधून गाळून पुन्हा आतच सोडतात.

बंद ज्वलनाचा गॅस हीटर : हवा बाहेरून एका नळीने घेतो आणि धूर दुसऱ्या नळीने बाहेर सोडतो. खोलीच्या हवेशी संबंधच नाही. ज्योत लागणारच असेल तर हा उत्तम.

हीट पंप : आपल्या स्प्लिट एसीसारखा, पण उलटा चालणारा. एक युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता देऊ शकतो. बाहेर जितकी थंडी जास्त तितका त्याचा फायदा कमी होतो. थंड प्रदेशांसाठीची खास मॉडेल उणे वीसच्या आसपासही चालतात, पण सुरुवातीचा खर्च मोठा.

साधा विजेचा पंखा-हीटर : ज्योत नाही, धूर नाही, वाफ नाही. तिकडच्या घरातला साधा प्लग १२० व्होल्टचा, त्यावर जास्तीत जास्त १,५०० वॉटचे हीटर मिळतात. मोठ्यासाठी २४० व्होल्टची वेगळी लाइन ओढावी लागते.

काकांनी शेवटचा निवडला. ५ किलोवॉटचा, छताजवळ टांगायचा. गरज १.८ ची असताना ५ कशाला? कारण सकाळी खोली लवकर तापायला हवी. २४० व्होल्टला ५ किलोवॉट म्हणजे सुमारे २१ अँपिअर. पण तासन् तास चालणाऱ्या उपकरणाला वायर आणि ब्रेकर पाव हिस्सा जास्त धरतात, म्हणून ३० अँपिअरची लाइन परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून घातली. "आता स्वतः प्रयोग नाही," हे आत्याचं फर्मान!

तिसरं, खोली पूर्ण गारठू द्यायची नाही. काम नसेल तेव्हा थर्मोस्टॅट ५ अंशांवर, कामाच्या आदल्या रात्री १५ वर. बाहेर उणे ८ असेल तर ५ अंश टिकवायला फक्त साडेसहाशे-सातशे वॉट लागतात. मग लाकूड, ग्लू, बीड सगळं एकत्र तापतं. गार लोखंडावर दव बसत नाही, गंज नाही.

एक नवीन अडचण मात्र आली. बाहेरची उणे वीसची हवा १५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता सहा टक्क्यांच्या आसपास उतरते. ती फटींतून आत येत राहते, आणि लाकूड सुकून आकसतं. म्हणून काकांनी आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र लावलं आणि मेपलच्या फळ्या आठवडाभर तिथेच ठेवून मगच कापल्या.

आणि शेवटचं, गॅरेजमध्येही एक कार्बन मोनॉक्साइड अलार्म. हीटर विजेचा असूनही! कारण तिथे कधीतरी गाडीही चालू होते. शिवाय आठवड्याला एकदा हीटरवरचा भुसा झटकायचा आणि वॉर्निश लावताना हीटर बंद ठेवायचा, असे दोन नियम खडूने भिंतीवर लिहिले. अक्षर माझं.

पाळण्याचं काय झालं?

मी निघायच्या तीन दिवस आधी सांधे पुन्हा चिकटवले. १६ अंशांत, चोवीस तास क्लॅम्पमध्ये. काकांनी एक नमुन्याचा सांधा वेगळा करून हातोडीने मुद्दाम तोडला. तो ग्लूच्या रेषेवर तुटला नाही, शेजारचं लाकूड फाटलं. सांधा लाकडापेक्षा मजबूत झाल्याची हीच खूण. फेब्रुवारीत बारशाचा फोटो आला. पाळणा झेंडूच्या माळांनी सजवलेला, आत गुलाबी टोपडं, आणि आत्या पाळण्याची दोरी धरून उभी. तिकडे एवढे झेंडू भर हिवाळ्यात कुठून मिळाले देव जाणे, कदाचित कागदाचे असतील!

आपलं काय?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे उणे वीस कुठे आहे? निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की आपण दोन शाली घेतो, झालं. पण ज्योत, बंद खोली आणि हवा यांचा हिशोब इथेही तोच आहे.

थर्ड इयरनंतर आपल्यातले बरेच जण बाहेर फ्लॅट घेऊन राहतात. तिथे बाथरूममध्ये गॅस गीझर असतो. छोटंसं बाथरूम, थंडी म्हणून खिडकी बंद, एकामागून एक तीन-चार जणांच्या अंघोळी. काकांच्या गॅरेजमध्ये ९० घनमीटर हवा होती, बाथरूममध्ये असते आठ-दहा. दरवर्षी हिवाळ्यात वर्तमानपत्रात अशा बाथरूममध्ये कुणीतरी गेल्याची बातमी येते, आणि आपण पान उलटतो. मीही उलटायचे.

तेव्हा घरमालकाला सांगून गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा. ते होत नसेल तर आधी बादली भरा, गीझर बंद करा, मग दार लावा. वॉचमन काकांना आणि मेसच्या मावशींना माझी विनंती आहे, कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. निखारे लालच दिसतात, धूर दिसत नाही, म्हणून ती सुरक्षित वाटते. तशी ती नसते.

आणि एका खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखायला लागलं, मळमळलं, बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर जेटलॅग, वडे, परीक्षेचं टेन्शन असली कारणं शोधत बसू नका. आधी बाहेर पडा, दारं-खिडक्या उघडा आणि मग १०८ ला फोन करा. आत कुणी बेशुद्ध असेल तर श्वास रोखून त्याला ओढून काढायच्या भानगडीत एकट्याने पडू नका, १०१ ला फोन करून मदत बोलवा.

कम्बशनच्या प्रश्नाला मला बारापैकी अकरा मार्क मिळाले होते. महिन्याभरात त्याच विषयात मी आणि काका नापास होता होता वाचलो. तेही आमच्या हुशारीने नाही, कायद्याने लावायला लागलेल्या एका छोट्या डबीमुळे. परत आल्यावर मी आमच्या मजल्यावरच्या सहा मैत्रिणींना हे सगळं सांगितलं. त्यातल्या दोघींच्या फ्लॅटमध्ये गीझर बाथरूममध्येच होता. एकीचा आता बाल्कनीत आलाय. दुसरीच्या मालकांशी बोलणं चालू आहे.

तुमचा कुठे आहे? आज अंघोळीला जाल तेव्हा एकदा वर बघा.